मल्लप्पाअण्णांचं घडीचं घर

मल्लप्पाअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या घड्या घालत होते. लग्न होऊन मी साताऱ्याहून सोलापुरात आले त्याला आठवडाही झाला नव्हता. दुपारी जरा पडले, डोळा लागला, उठून बघते तर अंगणात एक उंचापुरा माणूस. कपाळाला विभूती, डोक्याला पांढरी टोपी, आणि हातात आमच्या ह्यांचा पायजमा. मी तशी तोंडाची फटकळच. ओरडलेच, "अहो, कोण तुम्ही? ठेवा ते खाली!" त्यांनी पायजम्याची शेवटची घडी शांतपणे दाबून बसवली, सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वारं सुटलंय पोरी. माती बसली असती की." मग जाता जाता, "शेजारीच राहतो. चादरीवाला मल्लप्पा."

उघडं, पसरलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. सोलापुरी चादरी आणि टॉवेल पिकअपमध्ये घालून ते आठवडी बाजार करायचे, आज मोहोळ, उद्या वळसंग. गिऱ्हाइकासमोर चादर उलगडायची आणि ते गेलं की परत घडी घालायची, ह्यात त्यांचा जन्म गेला होता. मग ती खोड घरीही. वर्तमानपत्राची घडी, एसटीच्या तिकिटाची घडी. ताटातल्या भाकरीचीसुद्धा आधी घडी घालायचे आणि मग तुकडा मोडायचे. आम्हा नवराबायकोचं भांडण भिंतीपलीकडे ऐकू गेलं की दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणायचे, "घडी घालून फळीवर ठेव पोरी. लागलं तर पुढच्या महिन्यात उलगड." पुढच्या महिन्यात कसलं भांडण होतं तेच मला आठवायचं नाही.

त्यांची बायको गौराक्का. ठेंगणी, गोरी, आणि शब्दाची इतकी पक्की की तिच्याशी बोलताना मीसुद्धा जपून बोलायची. सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आणि तिच्या तोंडातून एक भलतंच जाऊन बसलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शांता. सांगोल्याकडचा सोपान नावाचा धनगराचा मुलगा शिकायला सोलापुरात होता, त्याच्याशी तिनं घरी न सांगता लग्न केलं. सोपान पुढे नातेपुत्याला गुरांच्या दवाखान्यात लागला, आईला आणि चार मेंढरांना घेऊन तिथेच राहिला. बातमी कळली त्या दिवशी गौराक्का भर गल्लीत उभी राहून म्हणाली होती, "त्यांच्यात मटण शिजतंय. त्या घराचा उंबरा मी चढायची न्हाय. तिथल्या पाण्याचा घोट घ्यायची न्हाय." गल्लीनं ऐकलं म्हणजे दगडावरची रेघच झाली. अण्णा गाडीपाशी उभे होते. ते काही बोलले नाहीत.

शांताचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं. कुणीतरी बाजारात अण्णांना सांगितलं. त्या संध्याकाळी चादरींचे गठ्ठे पिकअपमध्ये तसेच विस्कटलेले पडले होते आणि अण्णा पायरीवर बसून होते. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, आत गौराक्का उशीत तोंड खुपसून रडत होती ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पण गेली नाही ती. आणि तिला सोडून अण्णाही गेले नाहीत. मला फार राग आला होता दोघांचा. नातेपुतं काय विलायतेत आहे?

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात सोपान आमच्याकडे आला. त्यांच्या दारात नाही, आमच्या. काळासावळा, लाजरा मुलगा. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "वहिनी, तिला परत दिवस गेल्यात. सिस्टर म्हनती, परवास करायचा न्हाय, हलायचं न्हाय. आन् ती रोज म्हनती, मला आई पायजे. दुसरं काय बी मागत न्हाय ओ ती. तुमी सांगा की." मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली, उलगडली, परत घातली.

संध्याकाळी त्यांनी गौराक्काला ओट्यावर बोलावलं. मी मुद्दामच तांदूळ निवडत बसले होते, सगळं ऐकलं.

"त्यांच्या घरात जायचं न्हाय. बरोबर?"

"न्हाय."

"त्यांचं पाणी प्यायचं न्हाय."

"न्हाय म्हणजे न्हाय."

"आपल्या घरात राहायचं, आपल्या घागरीचं पाणी, आपला स्टो. हे चालंल?"

"ते काय, रोज चाललंच हाय की."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "आपण आपलं घर घेऊन जाऊ."

गौराक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊन लागलंय ह्यांना. जरा कांदा आण."

पण दुसऱ्या दिवसापासून ठोकाठोक सुरू झाली. पिकअपच्या मागच्या हौद्यावर अण्णांना खोली बांधायची होती. गिरणीत यंत्रं यायची त्या खोक्यांच्या देवदारी फळ्या त्यांनी जमवल्या. हौद्याच्या कडेनं कमरेएवढ्या लाकडी भिंती उभ्या केल्या, मागे दार, दाराला पायरी. आत फळीचा पलंग, त्याच्या पोटात भांड्यांची पेटी. घागर कलंडू नये म्हणून फळीला गोल भोक. कोपऱ्यात पूजेची जागा.

अडलं ते छपरापाशी. गौराक्का म्हणाली, "इरकल नेसायचं म्हणजे मला सरळ उभं राहाया पायजे. बसून निऱ्या होतात व्हय?" म्हणजे छप्पर डोक्याच्या वर हवं. पण आमच्या बोळाच्या तोंडाशी मठाची कमान, तिच्याखालून अण्णांची रिकामी गाडीच जेमतेम जायची. आणि एवढं उंच डबडं माळावरच्या वाऱ्यात उलटलं असतं ते वेगळंच. अण्णा दोन दिवस कमान आणि गाडी मोजत फिरले. मग एका सकाळी माझ्या दारात उभे. "पोरी, सापडलं. छपराची घडी घालायची."

म्हणजे असं: चार कोपऱ्यांना नळीत बसणाऱ्या नळ्या, त्यांच्यावर पत्र्याचं हलकं छप्पर. मुक्कामाला पोचलं की छप्पर वर ओढायचं, नळ्यांना खिळी घालायची, आणि लाकडी भिंत ते छप्पर एवढ्या मोकळ्या जागेत चारी बाजूंनी कापडाच्या भिंती. निघताना खिळी काढायची की छप्पर खाली, कापड घडी होऊन आत. वर ओढायला विहिरीवरच्या कप्प्या आणि दोर. पहिल्या दिवशी एक कोपरा वर गेला आणि समोरचा खालीच अडकला. छप्पर टोपी तिरकी घातल्यासारखं लोंबकळायला लागलं, आणि सगळी गल्ली खो खो हसली. "मल्लप्पा, गाडीला टोपी घातली काय रे?" अण्णा पण हसले. मग चारी कप्प्यांचे दोर त्यांनी एकाच रहाटाला गुंडाळले. रहाट फिरवला की चारी कोपरे एकदम, गुमान वर. त्या दिवशी कुणी हसलं नाही, उलट ज्यानं त्यानं एकदा रहाट फिरवून बघितला.

गौराक्काच्या अटी संपत नव्हत्या. "दार पूर्वेला पायजे." अण्णा म्हणाले, "गाडी हाय ती. म्हणशील तिकडं दार फिरवतो की." घर म्हटल्यावर सारवायला नको? म्हणून तिनं त्या देवदारी फळ्या शेणानं सारवल्या. मला हसू आवरेना, पण तिचा चेहरा बघून मी पदर तोंडात धरला.

कापडाच्या भिंती शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण गल्लीत शिलाई मशीन माझंच. अण्णांच्या घरालगतच्या चादरींच्या दुकानात जुनी, चार पावसाळे खाल्लेली ताडपत्री होती, ती त्यांनी काढून ठेवली होती. गौराक्का भडकली. "जुनेरं लावून घर करायचं? माझ्या देवाच्या जागंला? कोरं पायजे. पाणी न लागलेलं."

"आटतंय गं ते," अण्णा म्हणाले.

"आटू दे. पाणी लागलेलं मला चालायचं न्हाय."

अण्णांनी वाद घातला नाही. हातमागाचं जाड, खळीनं कडक झालेलं कोरं कापड आणलं आणि मला सांगितलं, "चार बोटं सैल ठेव. आटंल तेवढं." त्या कापडानं माझ्या मशीनच्या सुया मोडल्या. मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालत होते, खोटं कशाला बोलू. पण शिवून, पट्टीवर खिळे मारून, छप्पर वर गेलं आणि आत पिवळसर उजेड पडला, तेव्हा मी आत उभी राहिले आणि मला वाटलं, अगं बाई, हे खरंच घर झालं की.

हस्ताच्या तोंडावर आम्ही निघालो. आम्ही, कारण गौराक्का म्हणाली, "सातारकरीण आली तर मी येती." आमच्या ह्यांनी खानावळ लावली. मी पुढे दोघांच्या मध्ये बसले. अण्णा गाडी इतकी हळू चालवत होते की बैलगाडीवाला मागून हाका मारत होता. प्रत्येक खड्ड्याला मागे भांडी वाजली की म्हणायचे, "घर हालतंय, घर हालतंय." वेळापूर मागं पडलं तशी गौराक्का पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

सोपानचं घर गावाबाहेर, मोठं अंगण, एका बाजूला मेंढरांचा वाडा. गाडी अंगणात शिरली तेव्हा शांता दारात उभी होती, चौकटीला धरून. पोट पुढे, चेहरा उतरलेला. अण्णांनी गाडी पूर्वेला दार येईल अशी वळवून लावली, रहाट फिरवला. छप्पर वर चढलं तसं शेजारपाजार जमा झाला. गौराक्कानं लेकीकडे बघितलंच नाही. सरळ मागच्या पायरीनं आपल्या घरात चढली. शांता हळूहळू अंगण ओलांडून आली आणि पायरीपाशी थांबली.

"अव्वा, आत येऊ?"

आत भांडं वाजलं. मग आतून आवाज, "हात किती वाळलेत तुझे. खातीस का न्हाय काय?"

शांता आत गेली. मी बाहेरच थांबले. अण्णा चाकाला धोंडा लावत होते, आणि तोच धोंडा काढून परत लावत होते.

रात्रभर हस्त कोसळला. सकाळी बघते तर कोरं कापड नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि पट्टीवरचे खिळे एकेक करून टक्‌ टक्‌ उडताहेत. चार बोटं सोडली होती, ते वीतभराहून जास्त आटलं होतं. सगळं फाटायच्या आत अण्णांनी खिळी काढून छप्पर खाली घेतलं. आता ते गौराक्काच्या हनुवटीपर्यंत आलं. कापड वाळल्यावर ओढून बघितलं, तसूभर हलेना.

अण्णा पायरीवर बसले. "जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आलो. कोरं हाय, आटंल, वीतभर मोठं घ्या. आणि माझ्या स्वतःच्या घराला..."

"मीच म्हणाले होते कोरं," गौराक्का वाकूनच आतून म्हणाली. "तुमी कशाला तोंड पाडता?"

पण हाल झाले बाईचे. वाकून स्वयंपाक, वाकून झाडणं. लुगडं नेसायला मी बाहेर चादरीचा आडोसा धरायची आणि अंगणातली मेंढरं टकामका बघायची. शांता म्हणाली, "अव्वा, घरात ये गं. मधली खोली तुला मोकळी करते." गौराक्कानं मान हलवली. "साकु," एवढंच म्हणाली. पुरे म्हणजे पुरे. तिसऱ्या दिवशी तिला कंबर सरळ करता येईना. मला वाटलं, आता ही बाई सोलापूरला परत चला म्हणणार, आणि मग संपलंच सगळं. अण्णांनाही तेच वाटत असावं. त्यांनी जेवण टाकलं होतं.

त्या दुपारी सोपान घरातून काळं घोंगडं घेऊन आला. पायरीपासून लांब, जमिनीवर ठेवलं. गौराक्काकडे न बघता अण्णांना म्हणाला, "मामा, कापडाच्या खालच्या कडंला ह्याची पट्टी लावली तर? उंची भरून निघंल."

त्या घरातली वस्तू, आणि तिच्या पूजेच्या जागेला! गौराक्का वाकत बाहेर आली. घोंगड्याचं टोक उचललं, बोटांत चोळून बघितलं.

"लोकर कुणी कातली?"

"आईनं. मेंढरं घरचीच हायती."

"घट्ट हाय," गौराक्का म्हणाली. मग, कुणी न विचारताच, "लोकरीला मडी लागत न्हाय, ती सोवळीच असती. मठात स्वामींच्या आसनाखाली घोंगडंच असतंय की." आणि मग माझ्यावर, "बघत काय बसलीस? दाभण घे!"

आम्ही तिघी शिवायला बसलो. मी, शांता आणि सोपानची आई. पांढऱ्या कापडाला काळी पट्टी, चारी बाजूंनी. एकीकडून दाभण मी खुपसायची, दुसरीकडून सोपानची आई ओढून घ्यायची. संध्याकाळी अण्णांनी रहाट फिरवला आणि छप्पर पुरतं वर गेलं. गौराक्का आत सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून "अय्यो शिवा" म्हणाली. अण्णा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

कळा सुरू झाल्या त्या सकाळच्या. सोपाननं सिस्टरना बोलावून आणलं, मधल्या खोलीत खाट तयार होती. शांता खाटेवरून उठली, पोट धरून अंगणात आली. सिस्टर ओरडल्या, "कुठे चाललीस बाई?" शांता दातओठ खात म्हणाली, "बाळंतपण माहेरी असतं ना सिस्टर? ते बघा माझं माहेर." आणि ती पायरी चढली. मागच्या वेळी सोपानच्या घरातच तिचं मूल गेलं होतं. तिला तिथं नको होतं, आईजवळ हवं होतं. सिस्टरनी कपाळावर हात मारला, पण पिशवी घेऊन त्याही चढल्या.

सोपान आणि अण्णा घराच्या ओसरीवर बसले होते. सासरा-जावई कधी जवळ बसले नव्हते ते. आतून शांताचा आवाज आला की सोपान उठायचा, अण्णा त्याचा हात धरून खाली बसवायचे. बाळाची दुपटी अण्णांनी इतक्या वेळा घडी करून उलगडली की मी शेवटी त्यांच्या हातातून काढून घेतली. ऊन डोक्यावर आलं आणि पोर रडलं. गौराक्कानं दारावरचं कापड बाजूला सारून डोकं बाहेर काढलं. इतक्या वर्षांत सोपानशी ती एक शब्द बोलली नव्हती. त्याच्याकडे बघून ओरडली, "पोरगी झालीया! ऊन पाणी आण, लौकर!" सोपान इतका गडबडला की रिकामीच बादली घेऊन धावत आला.

लिंगायतांत बाळंतिणीचा विटाळ धरत नाहीत, त्यामुळे पूजेच्या जागेत पोर जन्मली म्हणून कुणाचं काही अडलं नाही. सव्वा महिना आई, लेक आणि नात त्या पिकअपमध्ये राहिल्या. अण्णांना आपल्याच घरात जागा उरली नाही, म्हणून ते जावयाच्या ओसरीवर झोपायचे आणि त्याच्याकडेच जेवायचे. गौराक्कानं ते बघूनही बघितलं नाही. जावयाचा दिवाळसण त्याच्याच अंगणात झाला. त्या सव्वा महिन्यात त्या घरात मटण शिजलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मध्ये मी सोलापूरला जाऊन राहिले, आणि त्यांच्या परतीच्या वेळी अण्णांनी निरोप धाडून मला बोलावून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी गौराक्कानं लेकीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. अण्णा पिकअपची काच पुसत होते. सोपानची आई अंगणात आली आणि भोळेपणानं विचारलं, "इहिनबाई, बाळ-बाळंतीन पोचवाया कोन येनार? म्हायेरच्या बाईनं घरात आनून सोडायचं असतंया. अशी अंगनात ठिवून जानार व्हय?"

तिचं खरं होतं. बाळंतीण माहेराहून सासरी जाते तेव्हा आईच पोचवायला जाते. इथं माहेर ते सासर अंतर अंगणाएवढं, पण मध्ये उंबरा होता. मी म्हटलं, "मी जाऊ का अक्का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले. मग ती अण्णांकडे वळली. आता तरी ते काही म्हणतील, चल म्हणतील, राहू दे म्हणतील, असं तिला वाटलं असणार. अण्णा काच पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

गौराक्कानं शांताच्या मांडीवरून पोर उचलली, डोक्यावरून पदर घेतला आणि चालायला लागली. शांता मागे. उंबऱ्यापाशी सोपानच्या आईनं पोरीवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. गौराक्का तिथंच उभी राहिली. पोर कुरकुरली. गौराक्कानं तिला छातीशी धरलं, आणि उजवं पाऊल आत टाकलं.

आत घोंगडं अंथरलं होतं, त्यावर ती बसली. सोपानच्या आईनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि मागे उभी राहिली. गौराक्का तांब्याकडे बघत राहिली. मी दारातून बघत होते. तिनं खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि वरून ओतून गटागटा अर्धा संपवला. तोंड पुसलं.

"गूळ जरा खारट हाय," ती म्हणाली.

"दुसरा आनते की," सोपानची आई म्हणाली, आणि शांता भिंतीला टेकून रडायलाच लागली.

मी धावत बाहेर आले. "अण्णा! अहो चला की आत! बघा तरी!"

अण्णा घराकडे पाठ करून गाडीला टेकून उभे होते. दोन्ही गाल ओले, पुसतसुद्धा नव्हते. "थांब जरा पोरी," ते म्हणाले. "तिला नीट बसू दे. मी आता गेलो तर तिला वाटंल, मी बघायला आलो."

त्यानंतर दर वर्षी दोघं नातेपुत्याला जायची, एसटीनं. पिकअपवरची खोली अण्णांनी उतरवली आणि पुन्हा चादरी भरल्या. गल्लीतले लोक चिडवायचे, "एवढं घर बांधलं मल्लप्पा, एकदाच वापरलं?" अण्णा नुसते हसायचे. काही वर्षांनी, चैत्रातल्या एका सकाळी, दुकानात चादरीची घडी घालता घालताच ते गेले. सोपान येईपर्यंत गौराक्का कुणाशी बोलली नाही. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. मग त्यानं तिला नातेपुत्यालाच नेलं.

पुढे एकदा मी तिला भेटायला गेले. नात शाळेत गेली होती. गौराक्का चुलीपुढे बसून माझ्यासाठी चहा करत होती, सोपानची आई शेजारी शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "अक्का, अण्णांची फार आठवण येते हो."

"मला येत न्हाय व्हय?" ती म्हणाली. चहा कपात ओतला, गाळणं आपटलं आणि माझ्याकडे न बघता बोलली. "इतकी वर्षं मी हट्ट धरून बसले. सगळी गल्ली मला म्हणत होती, तू पण म्हणत होतीस, मला काय कळत नव्हतं? ह्या माणसानं एका शब्दानं मला म्हटलं न्हाय, गौरा, तुझं चुकतंय. एकदा जरी म्हणाले असते ना, तर मी मेले असते, पण हितं पाऊल टाकलं नसतं."